सासूबाईंचा ठेका

ब्लूज रॉक वाजवणाऱ्या त्या त्रिकुटात गिटार, गाणं आणि हुकूम सुनेचा, तर ड्रमवर सासू. हे ऐकून लोक आधी हसत आणि मग निमूट ऐकत बसत. बेसवर शेजारचा मेकॅनिक होता. तो दोघींच्या मध्ये कधी तोंड घालत नसे, म्हणूनच टिकला होता. सुनेचा नवरा सामान उचलायचा, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नसे.

त्यांचा पहिलावहिला अल्बम मात्र सासूबाईंवाचून निघायची वेळ आली होती. कंपनीच्या रेकॉर्डिस्टने तिघांना तीन खोल्यांत कोंडलं, कानात तालाची टकटक लावून दिली, आणि सासूबाई प्रत्येक गाण्यात मागेपुढे होऊ लागल्या.

"आजींचं काही खरं नाही," तो सुनेला म्हणाला. "माझा एक ड्रमर आहे, त्याच्याकडून वाजवून घेऊ. त्यांना कळणारही नाही."

"त्या बहिऱ्या नाहीत," सून म्हणाली.

सासूबाई मागे दारातच उभ्या होत्या. "घे त्याचा माणूस," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी तुझं अडायला नको." एरवी फटकळ असलेली ही बाई इतक्या पडेल आवाजात बोलली, याचाच सुनेला भयंकर राग आला.

कुठे बिनसलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. सासूबाई ठेका मोजत नसत, सुनेच्या डाव्या खांद्याकडे बघत. ओळ लांबवायची असली की तो खांदा आधी वर जाई, आणि सासूबाई तिच्यासाठी थांबत. बंद खोलीत त्यांना खांदा दिसणार कसा?

"आम्ही मोठ्या खोलीत समोरासमोर वाजवणार. आणि ती टकटक बंद करा," ती म्हणाली.

"सगळ्यांचे आवाज एकमेकांच्या माइकात शिरतील, मॅडम. एक सूर चुकला तरी अख्खं गाणं परत घ्यावं लागेल."

"शिरू देत."

मग मोठ्या खोलीत सासूबाई अशा काही वाजवायला लागल्या की मेकॅनिकसुद्धा मान वर करून बघत राहिला. सून थांबली की त्या थांबत, ती उसळली की तिच्या अंगावर धावून जात. सून भान विसरली, आणि गिटारच्या शेवटच्या तुकड्यात तिचं बोट घसरलं. भलताच सूर मोठ्याने वाजला. गाणं तरीही शेवटपर्यंत गेलं.

"आजी, झकास," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "पण मॅडम, तुमचा सूर गेला. परत घेऊ."

"घेऊ की," सासूबाई म्हणाल्या आणि पदराने घाम पुसू लागल्या. असं वाजवणं पुन्हा मागून मिळत नाही, हे सुनेला कळत होतं. हा तुकडा तिने वर्षानुवर्षं घासला होता. ती चूक आता तिच्या नावावर कायमची राहणार होती.

"सूर गेलेला नाही. मी तसंच वाजवते," ती म्हणाली.

"लोक नावं ठेवतील, मॅडम."

"ठेवू देत. हेच अल्बमवर जाणार, नाहीतर अल्बमच नको."

रेकॉर्डिस्ट पुटपुटत आत गेला. मेकॅनिकने आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली.

"चुकलीस," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"हो, आई."

"मग यापुढे दर वेळी तिथंच चुकायचं. मी झांज मारते."