वीटभट्टीची तळी

सासऱ्यांनी पाटीवरची धूळ रुमालाने पुसली आणि ते मोठ्याने वाचू लागले.

“इथे पूर्वी विटांच्या भट्ट्या होत्या. माती काढून काढून खोल खड्डे पडले. भट्ट्या बंद पडल्यावर त्यांत पाणी साचलं. तीच ही तळी.”

“बाबा, मला जरा...”

“थांब, अजून आहे खाली.”

असं आज तिसऱ्यांदा झालं. उद्यानातली एकही पाटी त्यांनी सोडली नव्हती, सुनेला मात्र सकाळपासून हुलकावण्या देत होते. ती मागून चालत राहिली. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. माहेरून कितीदा बोलावणं आलं, पण ती सासऱ्यांपाशीच राहिली. दिवसभर ते आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, ती ऑफिसात; घरात दोघंच, चहा त्यांचा, स्वयंपाक तिचा. आता ऑफिसातल्या एकाला तिने लग्नाला होकार दिला होता, आणि ते यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, हेच तिला कळत नव्हतं.

ही पायवाट नवऱ्याच्या फार आवडीची. इथे आल्यावर तरी पोटात तुटेल, असं तिला वाटलं होतं. काही झालं नाही. झाडं होती, पाणी होतं, बदकं होती. बधिर केलेल्या दातावरून जीभ फिरवावी, तशी ती सगळ्यावरून नजर फिरवत होती.

तळ्याकाठच्या बाकावर एक बाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं.

“मुलगी का?”

ती ‘सून’ म्हणणार, इतक्यात सासरेच म्हणाले, “हो, मुलगी. थोड्या दिवसांत सासरी जाईल आता.”

“अगंबाई! मग घर अगदी सुनं होणार तुमचं.”

“होणारच की. स्वयंपाक शिकतोय. काल भात केला, जरा चिखल झाला.”

ती जागच्या जागी थांबली.

“बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?”

“त्यानेच. परवा दुकानात आला होता. चांगलं चालू घड्याळ दुरुस्तीला घेऊन! बराच वेळ नुसता घाम पुसत बसला, मग बोलला एकदाचा.” ते खाकरले. “निघताना पाकीट काढायला लागला. म्हटलं, ठेव ते खिशात. जावयाकडून पैसे घेतात का कुठे?”

तिला अजूनही रडू येत नव्हतं. ती बाकाची पाठ धरून उभी राहिली. बाईंनी लोकरीचा गुंडा उचलून मांडीवर घेतला आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली.