दुसऱ्या फाऊलनंतर

नंदुरबारात नजीर मिस्त्रीचा हॉल म्हणजे खाली सुतारकामाचं दुकान आणि वर पूल या खेळाची दोन टेबलं. मशीद तीन दुकानं सोडून, त्यामुळे हॉलचा एक कायदा कुठल्याही पुस्तकात नसला तरी सगळ्यांना पाठ होता. अजान सुरू झाली की काठी खाली, तोंड बंद. खेळणारा कुठल्याही गावचा, कुठल्याही धर्माचा असो, तेवढी तीन-चार मिनिटं गप्प उभा राहायचा. नजीर मिस्त्रीनं हे कधी कुणाला दटावून शिकवलं नव्हतं. पडत गेलेली सवय होती.

मिस्त्रीची मुलगी अतिका या हॉलची पंच. बी.कॉम. झाल्यावर बापाचा गल्ला सांभाळता सांभाळता तिनं नियमांचं पुस्तक इतकं वाचलं, की भांडणारी मंडळी तिच्याकडे बघून आपोआप आवाज खाली आणायची. त्या रविवारी जिल्ह्याचा अंतिम सामना होता आणि तिचीही परीक्षाच होती. धुळ्याहून संघटनेचे हिलालसाहेब आले होते, खास तिची पंचगिरी तपासायला. सामना नीट पार पडला तर तिचं नाव राज्याच्या पंचांच्या यादीसाठी जाणार होतं. दोन वर्षं ती या दिवसाची वाट बघत होती.

समोरासमोर होते जावेद आणि दानियल. जावेद गावातलाच, मोटारसायकली दुरुस्त करणारा. खेळ बरा, पण डोकं वकिलाचं. मागच्या वर्षी प्रत्येक फटक्याला चाळीस सेकंदांची मर्यादा आली, तेव्हा यानं शोधून काढलं, की लांबच्या फटक्यासाठी आधाराची काठी आणायला गेलं तर घड्याळ थांबतं. मग काय, नाकासमोरच्या चेंडूलासुद्धा बुवा काठी आणायला निघाले! शेवटी तो नियमच बदलावा लागला. दानियल नवापूरकडचा, बापाबरोबर डोंगरातली शेती करून उरलेले दिवस मजुरीला जाणारा. तो पुस्तक वाचत नसे, टेबल वाचत असे. बरोबर बहीण आली होती, प्रिस्किला, भाकरीची पिशवी घेऊन.

खेळ नाइन-बॉलचा, नऊ नंबरचा चेंडू टेबलाच्या खिशात घालील त्याचा डाव. टेबलावर जो सगळ्यांत लहान नंबर असेल, पांढरा चेंडू आधी त्यालाच लागला पाहिजे. नाही लागला तर फाऊल. मग समोरच्यानं पांढरा चेंडू उचलून हवा तिथं ठेवावा. एकाच खेळाडूचे लागोपाठ तीन फाऊल झाले तर डाव गेला. मात्र दोन झाल्यावर तो पुन्हा टेबलाशी आला, की त्यानं फटका मारण्याआधी पंचानं त्याला मोठ्यानं सांगायचं, "दोन फाऊल." नाही सांगितलं, तर तिसरा फाऊल दुसराच धरायचा.

सहा-सहा डाव झाले. शेवटच्या डावात दानियलनं उरलेल्यांत सगळ्यांत लहान असलेला तीन नंबरचा चेंडू इतर चेंडूंआड असा दडवला, की जावेदचा पांढरा तिथवर पोचेना. एक फाऊल. दानियलनं घाई केली नाही, पुन्हा दडवला. दुसरा फाऊल. त्याचा सगळा बेत तिसऱ्यावर होता.

अतिका "दोन" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात अजान सुरू झाली. तिनं शब्द गिळला. हॉल गप्प झाला. हिलालसाहेबही पेन खिशाला लावून उभे राहिले. अजान संपली, दानियलनं पांढरा ठेवला, वीसेक सेकंद टेबल न्याहाळलं, हळूच फटका मारून तीन नंबर पुन्हा झाकून टाकला आणि बाजूला झाला.

जावेद टेबलाशी आला. या खेपेला त्यानं तीन नंबरला लावायचा प्रयत्नच केला नाही. पांढऱ्यानं नऊ नंबरला जरासं ढकललं आणि तीन-नऊ दोन्ही कडेला एकमेकांना चिकटवून ठेवले. फाऊल. तिसरा. नवापूरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, प्रिस्किला उठून उभी राहिली.

जावेद मात्र शांतपणे काठीच्या टोकाला खडू लावत होता. "माले कोनी सांगं नही," तो म्हणाला. "दोन फाऊल व्हयनात, हाई सांगानं काम पंचनं शे."

"तुले मोजता येत नही का रे?" मागून कुणीतरी म्हणालं.

"येस ना. पन पुस्तकमा मन्हं मोजनं लिखेल नही."

"मी ऐकलं," प्रिस्किला म्हणाली. "तिनं सांगितलं, दोन म्हणून." नवापूरच्या तीन-चार पोरांनीही माना हलवल्या. आता सगळे अतिकाकडे बघायला लागले. तिनं नुसतं 'हो' म्हटलं असतं तर मिटलं असतं. जावेदचं कुणी ऐकलं नसतं, आणि खरं सांगायचं तर त्याची जिरावी असं तिलाही मनापासून वाटत होतं. या माणसाला स्वतःचे दोन फाऊल पक्के ठाऊक होते. तो तिच्या चुकीवर टपून बसला होता.

"मी सांगितलं नाही," अतिका म्हणाली. "फाऊल दुसरा. जावेदभाई, दोन फाऊल. दानियल, चेंडू तुमच्या हातात."

चेंडू हातात होता, पण मारायला वाट नव्हती. दानियलनं टेबलाला दोन फेऱ्या घातल्या, जमेल तसं मारलं, चेंडू सुटे झाले आणि नेमके जावेदला सापडले. पाच मिनिटांत नऊ नंबर खिशात गेला. राज्यस्पर्धेतली जिल्ह्याची जागा जावेदची झाली. दानियलनं हात मिळवला, काठी पिशवीत घातली आणि तो बहिणीबरोबर जिन्यात जाऊन बसला. अतिकाला आपल्या कानशिलात मारून घ्यावंसं वाटलं.

जिन्यातून बोलणं वर येत होतं. "अजान झाली नसती तर दानियल जिंकला असता," एक पोरगा म्हणत होता. दुसरा म्हणाला, "इथं खेळायला यायलाच नको होतं." नजीर मिस्त्री पाण्याचा जग घेऊन खाली निघाला होता, तो तिथंच थबकला आणि परत फिरला.

हिलालसाहेबांनी अहवालाचा कागद टेबलावर पसरला. 'इशारा वेळेवर दिला का?' यापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं. खाली एक ओळ होती, 'कारण'. ती मोकळी ठेवून त्यांनी पेन तिच्यापुढे धरलं आणि आवाज बारीक केला.

"अजान लिखी दे, बेटा. कोनी काही बोलाव नही. बाकी बठं काम तुन्हं चांगलं शे. नाव पाठाडी दिसू."

साहेब मनापासून तिचं भलं बघत होते. कारण खोटंही वाटलं नसतं. शब्द तोंडात असताना अजान झाली, हे पन्नास लोकांनी पाहिलं होतं. पण अजान संपली होती. नंतर दानियल वीस सेकंद टेबलाकडे बघत उभा होता, त्यानं फटका मारला, चेंडू थांबले, जावेद पुढे आला. एवढ्या वेळात ती दहादा सांगू शकली असती. ती टेबलावरच्या चेंडूंत रमली होती, दानियल किती सुंदर दडवतोय ते बघत. आणि आता हे कागदावर गेलं, तर जिन्यातल्या पोराचं बोलणं शिक्क्यानिशी खरं ठरणार होतं.

तिनं पेन घेतलं आणि 'कारण'पुढे एकच शब्द लिहिला. विसरले.

साहेबांनी वाचलं. "मंग औंदा नाव जावाव नही."

"माहीत आहे, साहेब."

"आखो इचार कर."

"केला."

त्यांनी सही केली. अतिकानं कागद उचलला आणि ती जिन्यात गेली. नवापूरच्या पोरांनी सरकून तिला वाट दिली. तिनं कागद दानियलपुढे धरला. त्यानं तो सावकाश वाचला, तो शब्द दोनदा वाचला असावा, आणि बहिणीकडे दिला.

"म्हणजे तुमचंही वर्ष गेलं?" त्यानं विचारलं.

"गेलं."

प्रिस्किलानं शेजारची भाकरीची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि अतिकाला बसायला पायरीवर जागा केली.