अंड्यांवरची जाळी

चंद्रा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त कुणाला नाही म्हणता येत नसे, आणि असली भली माणसंच घराचं वाटोळं करतात.

सूर्यमाळच्या पाड्यावर बायांच्या बचतगटाने सिमेंटच्या टाकीत मासे करायला घेतले. टाकी सांभाळायचं काम त्याच्या बायकोने, माघीने, हौसेने मागून घेतलं. होळीनंतर सायप्रिनस माशांच्या नर-मादी जोड्या सोडल्या, पाण्यातल्या वेलीला अंडी चिकटली आणि नेमकं तेव्हाच तिला दोन दिवस जव्हारला प्रशिक्षणाला जावं लागलं. निघताना ती म्हणाली, "वरची हिरवी जाळी काढू नको. अंड्यात हाय तवर पानी तापलं तं पिल्लू बिघडतं. मंग किती बी खायला घाल, सुधरत नाय."

ती गेली आणि शेजारचा लाडक्या आला. त्याच्या घरी हळद होती, मांडव अपुरा पडत होता, वर घालायला जाळी हवी होती. "दोन दिसांनी काय व्हतं रं?" तो म्हणाला. चंद्राने जाळी सोडून त्याला दिली, वर स्वतःही मांडवात जाऊन नाचला. इकडे टाकीचं पाणी अंघोळीला काढावं इतकं तापलं. माघी यायच्या आत त्याने जाळी परत बांधली, विहिरीचं चार हंडे पाणी ओतलं. कुणी पाहिलं नाही, कुणी विचारलं नाही.

माघीला तेव्हा दिवस गेले होते, आणि तिला त्याचा आनंद कमी, धास्तीच जास्त होती. थोरली सपना वाकड्या पायाची जन्मली होती. "ह्ये तरी सरळ निपजंल ना?" ती चंद्राला रोज विचारी. "निपजंल," तो म्हणे.

तीन आठवड्यांनी बाया पिल्लं बघायला जमल्या. निम्म्यांच्या पाठी विळ्यासारख्या वाकलेल्या. शिकवायला येणाऱ्या तुषार सरांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. "हे अंड्यातच झालंय. पाणी तापलं होतं का?"

"जाळी व्हती सर," माघी म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. "व्हती ना रं?"

"व्हती," चंद्रा म्हणाला.

"मग जोडीतच खोट असेल," म्हणत सर गाडीवर बसून गेले. गटाची अध्यक्ष भागी मात्र तेवढ्यावर थांबणारी नव्हे. सपनाच्या पायाकडे बघत ती म्हणाली, "हिच्या हातून सरळ काय निपजायचंच नाय." बाया हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माना डोलावल्या.

माघीने ते खरं मानलं. चार दिवस ती चुलीपुढे नुसती बसून राहिली. पाचव्या दिवशी म्हणाली, "जव्हारला चल. पोट खाली करून घेते."

चंद्रा जाळीचं खरं बोलला असता तर पोर वाचलं असतं. पण मग पाड्यावर तोंड दाखवायची सोय उरली नसती, आणि त्या मेल्याला पोटच्या पोरापेक्षा आपलं तोंड प्यारं होतं. त्याने रस्त्यावर येऊन जीपला हात केला.

दवाखान्यात सिस्टरने दोघांकडे बघून विचारलं, "नक्की ठरलंय ना?" माघीने मान हलवली. चंद्रा आपल्या चपलांकडे बघत राहिला. आत जायला उठलेली माघी मागे वळली, तिने त्याचा हात हातात घेतला.

"सगळी मला बोलली," ती म्हणाली. "तू येकला काय बोलला नाय."