डब्याचं दार

राहण्याच्या खोलीला आतून नऊ फूट उंची लागते, हा नियम मला झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. पिंपळे सौदागरला एका आर्किटेक्टकडे मी नकाशे काढते. लोकांची घरं नियमात बसवणं हाच माझा पोटाचा धंदा, आणि माझ्याच आईचं घर तेवढं नियमात बसेना! कारण तिला राहायचं होतं डब्यात.

डबा म्हणजे जहाजावरून माल येतो तो लोखंडी कंटेनर. लग्न झाल्यावर अण्णा आईला लातूरकडून घेऊन आले ते थेट चाकणजवळच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडवर. अण्णा तिथे वेल्डर. खोली मिळेपर्यंत राहा, म्हणून मालकांनी आवारातला रिकामा कंटेनर दिला, आणि खोली मिळेपर्यंत मी शाळेत जायला लागले होते. उन्हाळ्यात त्याची नुसती भट्टी व्हायची. आई छतावर ओली पोती टाकायची आणि आम्ही बाहेर लिंबाखाली जेवायचो. तरी सांगते, पुढे निगडीच्या फ्लॅटमध्ये मला तशी गाढ झोप कधी लागली नाही.

त्या डब्याला दार अण्णांनी स्वतः कापलं होतं. आईला पत्र्याला पाठ लावून उभं केलं, तिच्या डोक्यावर चार बोटं सोडून खडूची रेघ ओढली आणि गॅस कटर चालवला. दार सुरेख झालं. फक्त बायको पाच फूट आणि आपण सहा, हे नवरदेवाच्या लक्षात आलं ते संध्याकाळी, ट्रंक घेऊन आत शिरताना कपाळ आपटल्यावर.

तेव्हापासून रोजचं ठरलेलं. शिफ्ट सुटली की अण्णा दारापाशी येऊन उगाच बूट आपटत उभे राहायचे. स्टोव्हपाशी बसलेली आई ओरडायची, "अहो, डोकं!" मग ते वाकून आत यायचे. "रोज सांगावं लागतंय या माणसाला," असं ती मला ऐकवायची.

शेड बंद झाली तेव्हा मालकांनी डबा अण्णांनाच देऊन टाकला. चाकणच्या पुढे आमची एवढीशी जागा आहे, तिथे तो क्रेननं आणून ठेवला. म्हातारपणी इथंच राहायचं, असं दोघांचं ठरलेलं. गेल्या वर्षी अण्णा गेले. दिवसकार्य उरकलं आणि आई म्हणाली, "विजू, मला डब्यात नेऊन सोड."

सोड म्हणे! परवानगी न घेता राहिली आणि उद्या दारावर नोटीस चिकटली तर? मी रीतसर अर्ज केला. परवानगी देणारे साहेब सभ्य होते, पण नियम तो नियम. "आतून आठ फूटसुद्धा भरत नाही," ते म्हणाले. "राहायला मंजुरी मिळणार नाही. छत कापून उंच करा."

मला ते सोपं वाटलं. छत वर घ्यायचं आणि त्याबरोबर दारही मापाचं करून टाकायचं. आई डबा झाडायला गेली होती, नकाशा घेऊन मी तिथेच गेले.

"दाराला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली.

"अगं, ठेंगणं आहे ते. येणारा-जाणारा आपटेल."

"आपटू दे. माझ्या मापानं कापलंय त्यांनी. अख्ख्या जन्मात माझं माप घेऊन केलेली तेवढी एकच वस्तू हाय माझ्याकडं."

मी चिडले. नको तेवढं बोलले. तुझ्या दारासाठी सरकार नियम बदलणार आहे का, असंही म्हटलं. ती पदरानं दाराची चौकट पुसत राहिली. मग मलाच रडू आलं आणि नकाशा गुंडाळून मी घरी निघून आले.

शेवटी वाट निघाली. कोठीच्या खोलीला कमी उंची चालते. शेजारी विटांच्या दोन खोल्या बांधायच्या, नऊ फूट उंच, खिडक्यांसकट. आणि त्यांना लागून डबा, नकाशावर 'कोठी' म्हणून. आईनं अट मान्य केली. राहायचं विटांच्या खोल्यांत, डब्यात फक्त सामान.

बांधकाम झालं आणि भोगवटा दाखल्यासाठी तेच साहेब संध्याकाळी पाहणीला आले. चांगला ताडमाड माणूस. त्यांनी खोल्या मोजल्या, मान डोलावली आणि ते डब्याकडे वळले. मी लगबगीनं त्यांच्या मागे गेले, कारण आतून चहाचा वास येत होता. आईनं कोठीत स्टोव्ह मांडला होता. साहेब दारात थांबून बुटांचा चिखल झटकायला पाय आपटू लागले.

"अहो, डोकं!" आतून हाक आली.

साहेब चटकन वाकले. आई पाठमोरी होती. तिनं वळून पाहिलं, आणि तिचा चेहरा मला बघवेना.

साहेबांनी स्टोव्ह पाहिला, शेजारी अंथरलेली सतरंजी पाहिली. "आजी, झोपायला पलीकडे जाता ना?"

"व्हय," आई म्हणाली.

त्यांनी चहा घेतला, सही करतो म्हणाले आणि उठले. बाहेर पडताना आपणहून वाकले.

आई बघत राहिली. "बघ, या माणसाला एकदा सांगितलं तर ध्यानात राहिलं. आणि तुझे अण्णा, इतकी वर्षं, रोजच्या रोज..."

ती मध्येच थांबली. दाराबाहेर, जिथे अण्णा बूट आपटत उभे राहायचे, तिकडे तिची नजर गेली.

"ध्यानात होतं की गं त्यांच्या," ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून आधी हसली, मग रडली.