अंगावरचं आणि अंगचं

"हंबीरकाका, त्या टाकीच्या पाण्यानं तुमी स्वतः आंघोळ कराल का?"

प्रियदर्शनीनं विचारलं आणि हंबीररावांची बशी ओठांपाशीच थांबली. दहावीच्या वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती, त्यांना तोंडावर असं विचारायची तुझी टाप न्हाई म्हणून. गेल्या वर्षी खरंच नसती. पण वक्तृत्वात तालुक्यात पहिली आल्यापासून पोरीच्या जिभेला धार चढलीय, हे अख्ख्या उंब्रजला ठाऊक होतं.

हंबीरराव म्हणजे कुपवाडचे ठेकेदार. तिच्या वडिलांना, जोतीराम वेल्डरांना, भर समुद्रातल्या तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर त्यांनीच धाडलं होतं. तिथं आंघोळीच्या टाकीत जंतू झाले, फवाऱ्यातून छातीत शिरले. डोक्यावर सिलिंडर वाहणारा गडी आता दोन पायऱ्या चढला की भिंत धरतो.

आज हंबीरराव कागद घेऊन आले होते. भरपाईचा दावा लावणार नाही, एवढी सही करायची. बदल्यात पोरीच्या कॉलेजचा सगळा खर्च त्यांच्याकडं.

"पोरगी हुशार हाय जोतीराम," ते म्हणाले, "पर लगाम घाल."

आईनं आतून दोनदा हाक मारली. प्रियदर्शनी हलली नाही. तिनं कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला: ‘सदर आजार अंगचाच असल्याचे कामगाराने स्वतः सांगितले आहे.’

"पप्पा, असं सांगितलंत तुमी?"

जोतीरामांच्या बोटांत पेन होतं. "मी म्हनलं, चार दिस ताप अंगावर काढला. गड्यानं उठसूट कण्हत बसायचं व्हय?"

अंगावर काढला, म्हणजे औषधाविना, कामावर उभं राहून सोसला. अंगचा, म्हणजे घरूनच नेलेला. बापानं मिशीला पीळ देऊन टाकलेला शब्द ठेकेदारानं जरा वाकवला आणि त्याच्याच गळ्यात घातला.

"एकच की ते," हंबीरराव म्हणाले.

"एकच? मग पाटणचे धनाजीकाका तिथं तुमच्याच खोलीत, त्याच आठवड्यात आजारी पडले. त्यांचं बी अंगचंच? का दोघांनी घरून एकच ताप डब्यात बांधून नेला?"

हंबीररावांनी बशी आपटली. उद्या दुपारपर्यंत सही आली नाही, तर या गावचा एकही माणूस कुपवाडच्या कुठल्याच कारखान्याच्या फाटकातून कामाला आत जाणार नाही, असं त्यांनी उंबऱ्यात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मग गाडी धुरळा उडवत गेली.

जोतीराम खोकत राहिले. खोकला थांबल्यावर म्हणाले, तुझ्याच शिक्षणावर लाथ मारलीस, अवदसे. आई तर तिच्याकडं बघेना. पैज जिंकलीस न्हवं, म्हणाली, आता मैत्रिणींच्या घरी जेवायला जा. आणि तिनं कागद सरळ करून नवऱ्यापुढं सारला.

जोतीरामांनी पेनाचं टोपण काढलं.

प्रियदर्शनी त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. आवाज व्यासपीठावरचा निघाला.

"उद्या मी शाळेत जात न्हाई. धनाजीकाकांना घेऊन सांगलीला चाललेय, कामगारांचे दावे लढणाऱ्या वकिलाकडं. तुमाला करायची तर करा सही. पर त्यांच्या पैशानं मी कॉलेजची पायरी चढणार न्हाई. मग ही सही कुणासाठी करताय, ते तेवढं ठरवा."