शिंगाळ्या दगडाची साक्ष

सिन्नरचा रविवारचा बाजार निम्मा ओस पडला होता, कारण निम्मा बाजार समुद्रनाथ महाराजांच्या मांडवात बसला होता. पुढ्यात तांब्याचा मोठा घडा, घड्यात खारं पाणी आणि पाण्यात म्हणे गुलाबी, जिवंत दगड! फडक्याखाली हात घालायचा, दगड काढायचा. गोल गुळगुळीत निघाला तर माणूस सोनं. शिंगं फुटलेला निघाला तर घराचा घात.

“भक्तहो, माणूस खोटं बोलेल, आधार कार्डावरचा फोटोसुद्धा खोटं बोलेल!” महाराज गरजले. “पण समुद्राच्या पोटातला दगड? कदापि नाही!”

आधार कार्डाच्या फोटोबद्दल मांडवात सगळ्यांचंच एकमत होतं.

पुढच्या रांगेत बयाबाई बसली होती आणि शेजारी उज्वला. बयाबाईच्या संतोषचा साखरपुडा गुरुवारी या उज्वलाशी व्हायचा होता. उज्वला शाळेत विज्ञान शिकवायची. दर्शनाच्या नावाखाली बयाबाईनं तिला आणलं खरं, पण पोटात भलतंच होतं. चपला सांभाळणाऱ्या शिष्यानं “काय अडचण, माई?” एवढंच विचारलं, तर बयाबाईनं भडाभडा सांगून टाकलं, “सून लय शिकलेली हाय. घर फोडंल का, तेवढं बघा.”

उज्वलाची पाळी आली. महाराजांनी मंत्र पुटपुटत घडा गर्रकन फिरवला. तिनं हात घातला आणि दगड काढला. चांगली बोटबोट शिंगं होती त्याला. महाराजांनी वर लिंबू पिळलं, तसा दगड फसफसला.

“पाप उकळतंय! ही मुलगी उंबरा ओलांडेल, त्या दिवशी घराचे दोन भाग!”

“पोरी,” बयाबाई कशीबशी म्हणाली, “गुरुवारचं ऱ्हाऊ दे मग.”

उज्वलाचा चेहरा उतरला. पण गप्प बसणाऱ्यातली ती नव्हती. होणाऱ्या सासूला ती आत्याबाई म्हणायची.

“राहू द्या, आत्याबाई. पण आधी सांगा, आपल्या कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू सांडलं की काय होतं?”

“काय व्हायचं! बुडबुडे येतात अन् पांढरा डाग पडतो. किती घासा, जात नाय.”

“मग ओट्यानं कोणतं पाप केलं?”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. उज्वलानं उरलेलं लिंबू आधी कुणीतरी काढून महाराजांसमोर ठेवलेल्या गोल, पुण्यवान दगडावर पिळलं. तोही तस्साच फसफसला.

“यात चुना आहे, कडप्प्यात आहे तसाच. चुन्याच्या दगडाला आंबट लागलं की फेस येणारच. आणि हा दगड जिवंत असतो, एवढं मात्र महाराज खरं बोलले. हे समुद्रातलं शेवाळ आहे.”

“दगडावर शेवाळ असतं, बाई!” महाराज खेकसले.

“इथे शेवाळाचाच दगड होतो. ते अंगात चुना साठवतं. प्रवाळाच्या भिंती सांधतं ते हेच. लाटांचा मारा असेल तिथे खडकाला चिकटून थर धरतं. सुटा तुकडा लाटांनी गडगडत राहिला तर गोल होतो. शांत पाण्यात पडून राहिला तर त्याला अशा फांद्या फुटतात. आत्याबाई, तुमच्या वावरात जोडकांदा का निघतो?”

“पाण्याला आगंमागं झालं, की निघतो.”

“तेव्हा तुम्ही कांद्याचं चालचलन बघता का?”

आता अख्खा मांडव हसला. बयाबाईलाही हसू आलं, पण एक गाठ सुटत नव्हती. “पण तुझ्याच हाताला शिंगाळा कसा लागला?”

“आत माझ्या बोटांना पत्रा लागला. बघा तुम्हीच.”

बयाबाई उठली. “माई, देव कोपेल!” म्हणत महाराज आडवे आले. तिनं त्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि घडा उपडा केला. आत मधोमध पत्र्याची भिंत होती. एका अंगाचे दगड गोल, दुसऱ्या अंगाचे शिंगाळे. घडा फिरवला की हवी ती बाजू हाताखाली! आणि कुणाला कोणती द्यायची, ते चपलांपाशीच ठरत होतं. ते कळलं तशी बयाबाई शरमेनं लाल झाली. लोक शिष्याकडे वळले, तर तो स्वतःच्या चपला सोडून पळाला होता.

“गुरुवारी ये हां, पोरी,” बयाबाई हळूच म्हणाली.

“येईन की नाही, ते मलाही ठरवू द्या. मी घर फोडेन का, हे तुम्ही दगडाला विचारलंत. मी शेजारीच बसले होते.”

बयाबाईनं त्या भरल्या मांडवात उज्वलाचे दोन्ही हात धरले.

“चुकले. आता तुलाच इचारते. फोडशील का घर?”

“नाही. पण न पटलेलं तोंडावर बोलेन.”

“बोल की! तेवढ्यानं फुटंल, तर ते घर आधीच तडकलेलं हाय.”

मंडळी, तुम्हीही एवढंच करा. शंका आली तर घडा उपडा करून बघा. आणि माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं असेल, तर त्या माणसालाच विचारा.