थंड धुराचा पाइप

राहू गावापासून वडगाव रासाईपर्यंत भीमेतून पाणी उचलणाऱ्या निम्म्या पाइपलाइनी मच्छिंद्रने टाकल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्या आपण टाकल्या नाहीत म्हणूनच गळतात, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. त्याच्या पाइपात कधी उंदीर शिरला नव्हता. पाइपाचं तोंड उघडं टाकून तो चहालासुद्धा उतरत नसे. गोणपाट म्हणा, पाचट म्हणा, हाताला लागेल ते कोंबून मगच खाली यायचा.

म्हणून लेकीने, वैष्णवीने, पोल्ट्रीच्या शेडमध्ये ऊब द्यायला गॅसची नवी भट्टी आणली तेव्हा तिचा धूर बाहेर काढणारा पाइप टाकायचा मान बापाकडेच आला. या भट्टीचा धूर म्हणे इतका थंड, की लोखंडी चिमणी लागतच नाही, प्लास्टिकचा पाइप चालतो. एवढं त्याने कसंबसं पचवलं. पण पाइपाचा ढाळ बाहेर नको, भट्टीकडे हवा, वाफेचं पाणी माघारी आलं पाहिजे, हे ऐकून त्याचं डोकंच फिरलं. जन्मभर पाणी पुढे ढकललेल्या माणसाला हे कुणी सांगावं! तरी लेकीसाठी त्याने तसा ढाळ दिला, सांधे सोल्यूशनने चिकटवले, भिंतीबाहेर वळणाचा एल्बो काढला आणि जेवायला उतरला.

दुपारी पिल्लांची गाडी आली. दिवस मार्गशीर्षातल्या थंडीचे, आणि पिल्लं कापसाच्या बोंडाएवढी. वैष्णवीने बटण दाबलं. पंखा घुमला, आणि भट्टी न पेटताच लाल दिवा लावून गप्प बसली. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गारठलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढू लागली. असंच चाललं तर खालची चेंगरून मरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मच्छिंद्रने आधी कंपनीचा उद्धार केला, मग ढाळाचा, मग ढाळ सांगणाऱ्या लेकीचा. त्या गारठ्यातही त्याला घाम फुटला आणि पुसायला टॉवेल मिळेना, तेव्हा बायकोचा, सोजराबाईचाही केला. तिनेच फडकं म्हणून वापरला असणार. वैष्णवीच्या डोळ्यांत पाणी आलं. मशीन परत पाठवते म्हणाली. ते ऐकून बाप उठला. पाइप कापून ढाळ उलटा करायचा म्हणून करवत घेऊन तो शिडीवर चढला.

एल्बोच्या तोंडात त्याचा लाल टॉवेल कोंबलेला होता. नीट, घट्ट, त्याच्याच हातचं काम.

त्याने खाली पाहिलं, टॉवेल उपसला आणि शर्टाच्या आत सारला. थोड्या वेळाने आतून लेकीची हाक आली, भट्टी पेटली म्हणून.

"ढाळात गडबड हुती," खाली उतरून तो गंभीरपणे म्हणाला. "केला म्या बराबर."

सोजराबाईने त्याच्या अचानक सुटलेल्या पोटाकडे पाहिलं, शर्टाखालून लोंबणारं लाल टोक धरून टॉवेल ओढून काढला आणि शेडकडे तोंड केलं.

"वैष्णवे, कंपनीला फोन लाव. म्हणावं, मशीन चांगलं हाय, बाप तेवढा बदलून द्या."